तुमचं नाव मी पुकारलं, कौसाबाई

कौसाबाई,

रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे आणि मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलंय. हे दोन शब्द कसे असतात ते आपण किती सभांत ऐकलंय. बाई कष्टाळू होत्या, चळवळीच्या आधारस्तंभ होत्या, त्यांच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली. तुम्ही समोर बसलेल्या असता तर पदर तोंडाला लावून शेजारच्या जैतुनबीच्या कानाशी लागला असता, "पोकळी ऱ्हाऊ द्या म्हनावं, पोळी वाढा. पाहुन्यायला यष्टी गाठायचीय."

आज गुरुवार. तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हापासून मी तोंड चुकवतोय. खरं म्हणजे त्याच्याही आधीपासून. जैतुनबीचा फोन आला होता, "भाऊ, कौसाचा ताप उतरंना, येऊन जावा." मी म्हणालो, येतो. मग गुडघ्याचं कारण निघालं, मग एका लग्नाचं. मानवतहून तुमच्या गावाला यायला असा कितीसा वेळ लागतो? पण मी आलो नाही. तुम्ही काही मागाल याची मला भीती नव्हती. तुम्ही काहीच मागणार नाही, नुसतं माझ्याकडे बघाल, याची होती.

हा मजकूर आपल्या आरोग्य-हक्काच्या नेटवर्कच्या पत्रिकेत छापला जाणार आहे. म्हणून जे सांगायचं ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर वळणं घेत घेत मी पुन्हा पळवाट काढीन. पंधराएक वर्षांपूर्वी परभणीच्या जनसुनवाईत कौसाबाई ऐनवेळी फुटल्या, असं तुमचं गाव मानतं, जिल्हा मानतो, तुमची लेक मानते. ते खोटं आहे. तुम्ही फुटला नव्हता. तुम्हाला मी गप्प बसवलं होतं.

तुमच्या दारातला माझा पहिला दिवस मला लख्ख आठवतो. माझी शाळेतली नोकरी संपत आली होती. आरोग्य हा हक्क आहे, उपकार नाही, असं म्हणणाऱ्या देशभरच्या संघटनांचं नेटवर्क उभं राहत होतं आणि परभणी जिल्ह्याचं काम माझ्याकडे आलं होतं. पेडगावच्या पुढे तुमच्या गावात उतरलो, कुणीतरी तुमचं घर दाखवलं. तुम्ही पाण्याचा तांब्या पुढे केलात आणि हात तसाच ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिलात.

"घ्या गुरुजी. आता इटाळ व्हत न्हाई, कायदा हाय."

मी तांब्याला तोंड लावून प्यालो. तुम्ही मागं वळून जैतुनबीला म्हणालात, "पास झाले गं गुरुजी. भाऊ म्हनायला हरकत न्हाई." शेजारच्या ओट्यावर बांगड्यांची पेटी घेऊन बसलेली ती खो खो हसली. तेव्हापासून मी तुमचा भाऊ. नेटवर्क म्हणजे काय ते मी तासभर समजावलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आमच्या गावात फोनाला नेटवर्क न्हाई, अन् तुमी देशाचं आनायलाव. आना, आना. कुठंतरी रेंज येऊ द्या."

आपली एक रीत होती. ती पुस्तकातून आलेली नव्हती. भावकीचा वाद मिटवायला गाव बसतं तेव्हा म्हातारी माणसं विचारतात, कोण होतं तिथं, हात वर करा. तिथून ती उचलली. दवाखान्यात उपचार नाकारले गेले, कुणाचा जीव गेला, तर त्या माणसानं ते आधी आपल्या गावात सगळ्यांसमोर सांगायचं. ज्यांनी पाहिलं किंवा ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीच हात वर करायचे. हात वर झाले की ती साक्ष जिल्ह्याच्या जनसुनवाईत, अधिकाऱ्यांसमोर. तिथे बोलणारीच्या शेजारी तिची सोबतीण बसणार, तिचा हात हातात धरून. जिल्ह्यातून राज्याला, राज्यातून दिल्लीला, दिल्लीतून बाहेरच्या देशांतल्या आपल्यासारख्या लोकांपर्यंत. एका गावाचं तोंड दाबणं सोपं असतं. तेच गाऱ्हाणं दहा राज्यांतून आणि चार देशांतून एकदम उठलं तर दाबणाऱ्याचे हात पुरत नाहीत. हे मी भाषणात सांगायचो आणि लोक टाळ्या वाजवायचे.

तुमची साक्ष रंजनाची होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली तुमची एकुलती एक लेक. कळा सुरू झाल्या, तुम्ही आणि जैतुनबी तिला घेऊन दवाखान्यात गेलात, तर दाराला कुलूप. नर्सबाई मुक्कामाला राहत नव्हत्या. डॉक्टर आवारातच होते, पण खोलीतून उठले नाहीत. "परभणीला न्या," एवढं आतूनच सांगितलं. टेम्पोत, रेल्वेच्या बंद फाटकापाशी, बाळ जन्मलं आणि गेलं. तुम्ही हे विहारासमोर उभं राहून सांगितलंत तेव्हा टेम्पोवाल्यानं हात वर केला, दवाखान्यासमोरच्या चहावाल्यानं केला, मग सगळ्या गल्लीनं. रंजना भिंतीला टेकून ऐकत होती. तुम्ही तिला विचारलंत, "सांगू ना गं परभनीत?" ती म्हणाली, "सांग माय. त्याचं एवढं तरी व्हऊ दे."

जनसुनवाईच्या आदल्या दिवशी जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातल्या एका साहेबांनी मला चहाला बोलावलं. ते आता हयात नाहीत. माणूस वाईट नव्हता, हेच अवघड आहे. म्हणाले, "गुरुजी, उद्या दोन साक्षींत आमच्या एकाच डॉक्टरचं नाव येतंय. पेपरवाले येणार. मग निलंबन, चौकशी, जागा रिकामी. त्या आडगावात दुसरा कोण येतो, सांगा? एक साक्ष कमी करा. बाळंतपणाची खोली आणि मुक्कामी नर्सबाई, दोन्ही मी मार्गी लावतो. तुम्हाला भांडण पाहिजे का दवाखाना?"

दोन साक्षी होत्या, कौसाबाई. एक तुमची. दुसरी एका बड्या घरच्या सूनबाईंची, ज्यांच्या सासऱ्यांना त्याच डॉक्टरनं तपासायचं नाकारलं होतं. कोणती कमी करायची ते साहेबांनी सांगितलं नाही. ते मी ठरवलं. त्या वाड्यावर जाऊन 'उद्या गप्प बसा' म्हणायची माझी छाती झाली नसती. तुमच्या अंगणात यायला छाती लागत नव्हती. तुमच्या घरचं पाणी पिऊन मी पास झालो, असं मला वाटत होतं. परीक्षा ती नव्हतीच.

तुम्ही सुपात तूर पाखडत होता.

"बसा भाऊ. उद्याचं लुगडं काढून ठिवलंय. हिरवंगार. साहेबायला लांबून दिसली पाहिजे बाई."

मी सगळं सांगितलं. सूप थांबलं.

"दुसरी बी साक्ष हाय ना त्या डॉक्टरची? तिला म्हनलाव का?"

"तिचं वेगळं आहे."

काय वेगळं, ते तुम्ही विचारलं नाही. तुम्हाला ते जन्मापासून माहीत होतं.

"खोली व्हनार नक्की?"

"होणार."

"नर्सबाई ऱ्हानार? का सकाळी येऊन दुपारच्याला परभनी?"

"राहणार."

"मंग लोकायला काय सांगायचं? गावानं हात वर केलेत माझ्यासाठी."

"खोली झाली की मी सांगेन. सगळ्यांसमोर. मीच थांबवलं म्हणून."

"अन् रंजीला?"

"तिलाही."

तुम्ही सूप पुन्हा हलवायला लागलात. तूर उडत होती, पडत होती. "बरं. मंग उद्या माझं नाव तेवढं पुकारू नका. न उठता बसायचं लय अवघड जाईल."

मी म्हणालो, नाही पुकारत.

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालय गच्च भरलेलं. पंच म्हणून बाहेरून आलेल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पुढची साक्ष? माईक माझ्या हातात होता. ही साक्ष आज होणार नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण मग कुणीतरी विचारलं असतं, का? त्या 'का'ला मी घाबरलो, आणि तुमचं नाव पुकारलं. तुम्ही उठला नाहीत. मी पुन्हा पुकारलं, जरा मोठ्यानं, जणू मलाच काही कळत नव्हतं. हिरवं लुगडं नेसून तुम्ही बसलेल्या, तुमचा हात जैतुनबीच्या हातात. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं नाही. तोंड ओळखीचं वाटावं आणि माणूस कोण ते आठवू नये, तसं.

मी माईकवर म्हणालो, "ताई बोलू इच्छित नाहीत." मागच्या रांगेतून रंजना उठली आणि निघून गेली.

पुढचं तुम्ही भोगलंत, मी फक्त ऐकलं. कौसानं पैसे खाल्ले. कौसाला साहेबानं घरकुल कबूल केलं. गावानं हात वर केले अन् बाईनं गावाला खोटं पाडलं. हळदीकुंकवाला बोलावणं नाही तर नाही, पण नळावरही बाया तुमच्या घागरीपुढे घागर सरकवायला लागल्या. रंजना सेलूला सासरी गेली. जाताना दारात म्हणाली, "माझ्या लेकराचं मरन मायनं इकलं." नंतर तिला मूल झालं नाही, आणि ती माहेरी आली नाही.

खोली झाली. नर्सबाई आल्या, राहिल्या. उद्घाटनाला साहेबांनी नारळ फोडला आणि शाल माझ्या खांद्यावर पडली. तुम्ही बायांच्या मागं उभ्या होता. मला वाटलं, आज नको, साहेब समोर आहेत. मग वाटलं, राज्याच्या बैठकीनंतर. मग मला राष्ट्रीय समितीवर घेतलं, मग वाटलं, आता सांगितलं तर नेटवर्कवरचा विश्वास उडेल. भित्र्या माणसाला कारणं शोधावी लागत नाहीत, ती आपोआप चालत येतात.

एकदाच आपलं भांडण झालं. मी म्हणालो होतो, "कौसाबाई, त्या खोलीत किती बाया सुखरूप बाळंत झाल्या, बघा की." तुम्ही म्हणालात, "बगते की. बारसं असलं की मला बी पेढा येतो, आडून का व्हईना. पन भाऊ, ती खोली आमच्या हक्काची व्हती म्हनून तुमीच शिकवलं ना? मंग हक्काच्या खोलीसाठी माझं तोंड कामून गहान ठिवलं?" मी म्हणालो, व्यवहारात असं करावं लागतं. तुम्ही म्हणालात, "व्यवहार तुमचा झाला. वस्तू माझी गेली."

आणि तरी माझी बायको परभणीला दवाखान्यात होती तेव्हा तुम्ही येऊन तिच्या पायथ्याशी बसलात. तिला भरवलंत, तिचे केस विंचरलेत, "वहिनी, भाऊला उपाशी ठिवा जरा, पोट सुटायलंय," म्हणून तिला हसवलंत. तुम्ही गेल्यावर ती मला म्हणाली, "तुम्ही त्या बाईचं काहीतरी केलंय. ती आली की तुम्ही खिडकीबाहेर बघता." मी तिलाही सांगितलं नाही. तीही गेली.

आता ग्रेसबाईंचं. केनियात नर्स असलेल्या ग्रेसबाई आपली जनसुनवाई शिकायला आल्या होत्या. त्यांच्याकडेही दवाखान्यांना कुलपं होती. आपण त्यांना चारठाण्याची देवळं दाखवायला नेलं. त्या खांबांवरचं कोरीव काम बघून थक्क झाल्या आणि तुम्ही म्हणालात, "एवढा दगूड कोरायला मानसं मिळाली, दवाखान्याचं कुलूप काढायला मिळनात." हे मी बरोबर भाषांतर करून सांगितलं, ग्रेसबाई पोट धरून हसल्या. नंतर तुमच्या घरी जैतुनबीनं त्यांच्या हातात बांगड्या भरल्या. साबण लावून, फुंकर घालून, तरी दोन फुटल्याच. तेव्हा त्यांनी विचारलं, ऐनवेळी एखादी बाई मागे हटली तर तुम्ही काय करता?

प्रश्न मी तुम्हाला जसाच्या तसा सांगितला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग ग्रेसबाईंचं मनगट धरून चांगलं सावकाश बोललात. आणि मी, इंग्रजीत, त्यांना सांगितलं, "त्या म्हणतात, तुम्ही इतक्या लांबून आलात याचा आनंद झाला." ग्रेसबाई हसल्या, पण लगेच नाही. तुमच्या चेहऱ्यावर आनंदाचं काही नव्हतं, हे दिसायला भाषा लागत नाही.

त्या गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "सांगितलं का तिला, म्या म्हनले ते?"

"सांगितलं."

माझ्या दोन गुन्ह्यांत मोठा कोणता, ते मला आजही ठरवता येत नाही. पहिला तुमच्या एकटीचा होता. दुसरा किती जणींचा आहे, कुणास ठाऊक. कारण त्यानंतर काय झालं ते ऐका. राज्याच्या बैठकीत दुसऱ्या जिल्ह्यातला एक तरुण कार्यकर्ता मोठ्या अभिमानानं म्हणाला, "आमच्या साहेबांनी सुचवलं तसं आम्हीपण परभणीसारखंच केलं. एक साक्ष कमी केली, रुग्णवाहिका पदरात पाडली." ती साक्ष कुणाची होती, हे मी विचारलं नाही. मला उत्तर माहीत होतं. साहेब लोकांचंही नेटवर्क असतं, कौसाबाई, आणि त्याला रेंज आपल्यापेक्षा चांगली असते. एकानं युक्ती शोधली की बदलीबरोबर ती चार जिल्ह्यांत जाते. आता आपलं नेटवर्क इतर देशांतल्या संघटनांसाठी जनसुनवाईची एक पुस्तिका काढतंय. त्यात एक प्रकरण आहे, 'संवादातून तोडगा : परभणीचा अनुभव'. लिहिणारा मी. त्यात खोली आहे, नर्सबाई आहेत, तुम्ही नाही. ते अनेक भाषांत जाणार. म्हणजे ज्या देशाचं नाव तुम्ही ऐकलं नाही, तिथल्या कुठल्यातरी अंगणात एखादा भला माणूस एखाद्या बाईला प्रेमानं सांगणार, ताई, उद्या जरा गप्प बसा.

साहेबांसमोर बसलो होतो तेव्हा मला वाटलं, मी एकटा आहे आणि निर्णय माझ्यावर आहे. इथंच चुकलं. नेटवर्क असतंच कशासाठी? 'दिल्लीला विचारून सांगतो' एवढं म्हणालो असतो तरी साहेब नरमले असते. देशभरच्या लोकांनी मागितली असती तर ती खोली साक्षीसकट मिळाली असती. माणूस एकटा पडला की सौदा करतो, आणि सौद्यात नेहमी आपल्याहून दुबळ्याचंच काहीतरी देतो.

तुम्ही गेल्यावर मी अनघाला फोन केला. ती आपल्या नेटवर्कची देशाची समन्वयक, दिल्लीत असते, माझ्या मुलीच्या वयाची. म्हणालो, पुस्तिकेतलं ते प्रकरण काढून टाका, खरं मी लिहून देतो.

"गुरुजी, पुस्तिका छपाईला चाललीय. आणि रागावू नका, पण रीत तुम्हीच शिकवलीत. गावात सांगून हात वर झाल्याशिवाय एकही हकीकत छापायची नाही. ही कुठल्या गावात सांगितलीत?"

"कुठल्याच नाही."

"मग आधी सांगा. पानं मी सोमवारपर्यंत अडवून धरते. त्याच्या पुढे माझ्या हातात नाही."

म्हणून रविवारची भीती. रंजना येणार आहे. लोक चिडतील, ते चालेल. पण हात कोण वर करणार? पाहिलेल्यानं किंवा ठाऊक असलेल्यानंच करायचा. साहेब गेले. तुम्ही गेलात. त्या अंगणात आपण दोघंच होतो. या गोष्टीला साक्षीदार उरलेला नाही, असलाच तर मी, आणि मी कसला साक्षीदार आहे ते वर लिहिलंच आहे.

इथं थांबतो. पुढचं रविवारनंतर लिहीन, लिहिता आलं तर.

मंगळवार.

विहारासमोर मांडव घातला होता. वंदना झाली, भन्तेजी बोलले, मग माईक माझ्याकडे आला. तोच माईक नव्हे, पण हाताला तसाच जड लागला. रंजना पांढऱ्या लुगड्यात, पुढं. कानाशी केस पांढरे झालेत तिचे, बसण्याची ढब तुमची. मी वर लिहिलं ते सगळं सांगितलं. बड्या घरच्या साक्षीचंही सांगितलं. भाषांतराचंही.

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "गुरुजी, मेलेल्या मानसाच्या नावानं कायबी सांगता येतंय." एक बाई ओरडली, "अन् इतकं दिस कुठं व्हताव? आता त्या खोलीचं छत बी गळायलंय!" कुणी हसलं, कुणी तिला दटावलं. तरी मी रीतीप्रमाणे विचारलं, "ज्यांनी पाहिलं असेल, ज्यांना ठाऊक असेल, त्यांनी हात वर करा."

एकही हात नाही. मांडवाचं कापड फडफडत होतं तेवढंच. मी माईक खाली ठेवणार, तोच भिंतीकडून काकणं वाजली.

जैतुनबी. उठता येत नव्हतं तिला, बसल्या जागीच हात वर.

"मेरेकू मालूम है," ती म्हणाली. मग मराठीत, सगळ्यांकडे बघत, "त्या दिशी तिचा हात माझ्या हातात व्हता. नाव पुकारलं, तर बर्फावानी थंड पडला. म्या म्हनले, उठ ना गे. तर म्हनती, भाऊनं नको म्हनलंय. अन् मंग म्हनली, भाऊच पुकारायलेत बग."

"मंग आजवर बोलली कामून न्हाईस, जैतुन?" तोच म्हातारा.

"कसम घातली तिनं. त्यायनं सांगायचं कबूल केलंय, त्यायचं त्यायलाच सांगू दे म्हनली. तापात पडली व्हती ना, तवा बी पुसायची. भाऊ आले का गे?"

हे वाक्य मी इथं लिहिलंय, कौसाबाई. त्याच्यापुढं मला काही लिहिता येणार नाही.

रंजना उठली. मला वाटलं, निघून जाईल, तेव्हासारखी. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"गुरुजी, मायचं नाव पुकारा."

मला कळेना.

"तवा पुकारलं व्हतं तसं. माईकवरून."

मी तुमचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, गावासकट. रंजनानं माईक माझ्या हातातून काढून घेतला. दोन बायांनी जैतुनबीला धरून पुढं आणलं, तिनं रंजनाचा हात हातात घेतला, आणि रंजना म्हणाली, "आमी दवाखान्यात गेलो, तर दाराला कुलूप व्हतं."

तिनं सगळं सांगितलं. फाटकापर्यंतचं, फाटकापाशी बाळ कसं दिसलं तेही. डॉक्टरचं नाव घेतलं. ते इथं छापायचं की नाही, हे ती ठरवील, मी नाही. तिचं संपल्यावर कुणी विचारायच्या आधीच हात वर झाले. टेम्पोवाल्याचा झाला. चहावाला वारला, त्याच्या बायकोनं केला. त्या म्हाताऱ्यानंही केला. मग रंजना तुमच्या फोटोकडे वळली आणि तिथंच बसली, जैतुनबीच्या मांडीवर डोकं ठेवून. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. ते बरोबरच आहे.

काल अनघाला फोन केला. तिनं विचारलं, "किती हात, गुरुजी?" मी म्हणालो, मोजले नाहीत. ती म्हणाली, बरं. पुस्तिकेतलं ते प्रकरण काढलं. त्या जागी रंजनाची साक्ष जाणार आहे आणि त्याखाली, माझ्या नावासकट, मी काय केलं ते. त्यानं आपलं नेटवर्क लहान होईल असं काही जणांना वाटतंय. मलाही मधूनच वाटतं, आणि झोप उडते. नर्सबाईंची जागा कुणी काढून घेईल का, तो तरुण कार्यकर्ता आता तरी त्या बाईकडे जाईल का, हे उद्याचे प्रश्न आहेत आणि उद्या मी किती दिवस असेन, सांगता येत नाही. पण आपल्या चुका पोचवायचं धैर्य नसेल, तर आपण देशोदेशी पोचवणार तरी काय? साहेबांचीच युक्ती, आपल्या शिक्क्यानं.

ग्रेसबाईंनाही आज लिहिलं. तुमचं भाषांतर इतक्या वर्षांनी पुरं केलं. त्या दिवशी त्यांचं मनगट धरून तुम्ही जे बोलला होता, ते शब्दाला शब्द ठेवून पाठवलं. पत्रिकेच्या वाचकांसाठी इथंही ठेवतो, तुमच्या बोलीत, कारण ते आता माझ्या ताब्यात राहायला नको:

"बाई, मागं हटलीली बाई भेली म्हनून हटली असं धरून चालू नको. आधी तिला इचार, कुनी बसवलं. अन् तुझ्याच मानसानं तुला मायेनं म्हनलं, आज गप बस, तर त्याला इचार, माझ्यासंगं अजून कुनाला बसवायलास? तू एकटीच असलीस, तर ऊठ."